निळ्या इंजिनाची कवळी

भूपालअण्णा,

तुमच्या रक्षाविसर्जनाहून परत येताना मी एसटीत हसलो. मनातल्या मनात नव्हे, चांगला आवाज करून. पेठनाक्याला चढलेले एक गृहस्थ शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या मांडीवरच्या निळ्या प्लास्टिकच्या डबीकडे बघितलं, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, घरातल्या कुणाची कवळी का? मी म्हणालो, इंजिनाची. ते उठले आणि बसायला जागा असताना पुढं कंडक्टरजवळ जाऊन उभे राहिले. तेव्हा मला हसू आलं. हे तुम्हाला लगेच सांगायला पाहिजे म्हणून मी फोन काढला, ‘अण्णा कवळी सांगली’ हे नावही काढलं, आणि मग अंगठा तिथंच राहिला.

डबी वहिनींनी दिली. माणसं पांगल्यावर मला आत बोलावलं आणि कपाटातून काढून हातात ठेवली. म्हणाल्या, "तुमच्या नावाची हाय भावजी. मास्तरच्याच हातात द्यायची म्हणालते. मी उघडून बघितली न्हाई."

मीही अजून उघडलेली नाही. दोन दिवस ती माझ्या टेबलावर आहे, निळ्या इंजिनाशेजारी. आत काय आहे याचा अंदाज मला आहे, आणि म्हणूनच हात पुढं होत नाही. तुमच्याशी मी एक लबाडी केली, ती चौदा महिने पोटात ठेवली. ती सांगितल्याशिवाय डबी उघडली तर लबाडीवर आणखी एक थर चढेल. तेव्हा आधी सांगतो, मग उघडतो. पण तुम्हाला माहीत आहे, मला कुठलीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही.

मी बत्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवून साताऱ्यात निवृत्त झालो तेव्हा मुलीनं विचारलं, बाबा, काय पाहिजे? दुसऱ्या कुणाला शाल मिळाली असती, मला इंजिन मिळालं. सातव्या वर्षापासून पाहिजे होतं, ते अठ्ठावन्नाव्या वर्षी आलं. वीतभर लांबीचं, दोन्ही टोकांना सारखंच तोंड असलेलं निळं डिझेल इंजिन, चार डबे आणि टेबलभर फिरणारे रूळ. इंजिन आणि डबा जोडणारं कपलिंग म्हणजे एक आकडा आणि एक कडी, दोन्ही नखाएवढी. ते सोडवायचं असेल तर आकडा हळूच वर करायचा, हे सोबतच्या पुस्तिकेत चित्र काढून दाखवलेलं होतं. मी चित्र बघितलं, रेषा चांगली आहे असं बायकोला, मालतीला म्हणालो, आणि मांजराचं पिल्लू मानगुटीला धरून उचलावं तसं इंजिन उचललं. मागं चारही डबे लोंबकळत वर आले. टक असा आवाज झाला.

मग मी झटपट चिकटणारा डिंक आणला. दहा सेकंदांत चिकटतो असं नळीवर लिहिलं होतं, ते खरं निघालं. इंजिन डब्याला चिकटलं, डबा रुळाला चिकटला आणि माझी तर्जनी इंजिनाच्या टपाला. मालतीनं कोमट पाण्यात धरून सगळं सोडवलं. बोट आधी सोडवलं, इंजिन नंतर, एवढी तिची माझ्यावर माया.

तसलं नवं कपलिंग मिळेना. साताऱ्यात खेळण्यांच्या दुकानात विचारलं की ते नातवाचं वय विचारायचे. मी सात सांगायचो. मला नातू नाही. इंटरनेटवरून एक डझन मागवली, ती मोठ्या मापाच्या गाडीची निघाली. आकडा इंजिनाच्या नाकाहून मोठा. शेवटी कुणीतरी सांगितलं की मिरजेत बारीकसारीक यंत्रं दुरुस्त करणारा एक जण आहे, तिथं जा.

याच सुमारास माझे पुढचे चार दात गेले होते. आपली ओळख व्हायच्या आधी तुम्ही माझा जबडा बघितला होता अण्णा. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी माप घेऊन सांगलीला तुमच्या कवळ्या करायच्या लॅबला पाठवलं होतं. माप घेताना तोंडात लगद्यानं भरलेला ट्रे असतो आणि दोन मिनिटं गप्प बसायचं असतं. त्या दोन मिनिटांत मी डॉक्टरांना त्यांच्या भिंतीवरच्या निसर्गचित्रात सावली कशी उलट्या बाजूला पडली आहे ते समजावून सांगितलं. तुम्ही बिचाऱ्यांनी मापाबरहुकूम दातांची प्लेट करून पाठवली. ती घातली आणि ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजायची. मालती म्हणाली, इंजिन बंद पडलं तरी शिट्टी घरात आहे. डॉक्टर वैतागले. म्हणाले, आता तुम्हीच सांगलीला जा आणि करणाऱ्यालाच तोंड दाखवा.

म्हणून मी एका पिशवीत दोन पुरचुंड्या घेऊन निघालो. एका रुमालात दात, दुसऱ्यात इंजिन. दात सांगलीत विश्रामबागेला तुमच्याकडं दाखवायचे आणि इंजिन पुढं मिरजेत.

तुमची लॅब म्हणजे दोन खोल्या. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव आणि गाव. तासगाव, पलूस, आष्टा, शिराळा. अख्खा जिल्हा तोंड उघडून बसलेला. मी त्यात माझं तोंड शोधत होतो, तेवढ्यात तुम्ही मान वर न करता हात पुढं केलात. मी पिशवीतली पुरचुंडी तुमच्या तळहातावर ठेवली. अर्थातच चुकीची.

दुसरा कुणी असता तर हसला असता. तुम्ही रुमाल सोडलात, इंजिन दिव्याखाली धरलंत, उलटं केलंत, दात बघायचा छोटा आरसा घेऊन खोबणीत डोकावलात.

"पुढचा दात गेलाय की हेचा," तुम्ही म्हणालात. "आन् हे डिंकाचं काम कुणी केलंय?"

मी कबूल केलं.

"बसा मास्तर. तुमचं दात नंतर बगू."

मी मास्तर आहे हे मी सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणालात, पिशवी हजेरीपटासारखी छातीशी धरलीया की. मग तुम्ही मला डबा कुठाय विचारलंत. मी म्हणालो, बिघाड इंजिनात आहे, डबा साताऱ्यात ठेवलाय. तुम्ही कपाळाला हात लावलात. "आवं, वरचा जबडा आणला आन् खालचा घरी ठिवला? मग चावायचं कशावर?" तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात एकावर एक बसणाऱ्या गोष्टी करणाऱ्या माणसानं मला पहिल्यांदा सांगितलं की कपलिंग ही एकट्याची वस्तू नाही. मिरजेला मी त्या दिवशी गेलोच नाही, आणि नंतर कधी गरज पडली नाही.

त्याच दिवशी तुम्ही डॉक्टरांना फोन करून त्यांची परवानगी काढलीत आणि माझं माप स्वतः घेतलंत. ट्रे तोंडात सरकवलात आणि लगेच एक गोष्ट सांगायला सुरुवात केलीत. शिराळ्याच्या एका म्हाताऱ्यानं नातवाच्या लग्नासाठी नवी कवळी करून घेतली. वरातीत घोड्याच्या पुढं हा, बँडच्या पुढं हा, दिसेल त्याला दात दाखवतोय. मांडवात सगळ्यात पुढं उभा. आणि ऐन अक्षतांच्या वेळेला... इथं तुम्ही थांबलात, ट्रे काढलात, उजेडात बघितलंत आणि म्हणालात, आलं माप. मी विचारलं, पुढं काय झालं? "पुढच्या मापाला," तुम्ही म्हणालात. माझं तोंड बंद ठेवायचं औषध माझ्या बायकोला पस्तीस वर्षांत सापडलं नव्हतं, ते तुम्हाला दोन मिनिटांत सापडलं. शिट्टी गेली. मी आजही भाजलेलं कणीस दातांनी खातो. पण अक्षतांच्या वेळेला काय झालं ते मला माहीत नाही. मी कितीदा विचारलं असेल. तुमचं उत्तर एकच.

तीन आठवड्यांनी इंजिनाचं कपलिंग आलं. दात धरून ठेवायला वापरतात त्या स्टीलच्या तारेचा आकडा, आणि तो बसवायला कवळीच्या मसाल्याचं बूड. कवळीच्या मसाल्याला एकच रंग असतो, हिरड्यांचा. माझ्या निळ्या इंजिनाच्या तोंडाला गुलाबी हिरडी आली. आणि सोबत चिठ्ठी. लॅबमधून जाणाऱ्या प्रत्येक कामाबरोबर तुम्ही चिठ्ठी द्यायचात, तशीच छापील.

रुग्ण: निळं इंजिन. गाव: सातारा. दात: पुढचा एक. छटा: गुलाबी. शेरा: उचलताना मानगूट धरू नये.

खाली ‘काम मिळालं’ आणि सहीची जागा. सही होऊन चिठ्ठी परत आल्याशिवाय पुढचं काम हातात घ्यायचं नाही हा तुमचा नियम, डॉक्टर असो नाहीतर इंजिन. मी सही करून पाठवली. तुम्ही ती फाइलला लावलीत. इंजिनाची वेगळी फाइल होती, ती मी पाहिली आहे.

मी म्हणालो होतो, अण्णा, यावर काळा रंग देऊ या. तुम्ही ऐकलं नाहीत. यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, कवळी करणाऱ्यानं तरी दुरुस्ती लपवायची बाजू घ्यावी. तुमचं म्हणणं, "माणसाची कवळी लपवायची आसती, कारण माणूस लाजतो. इंजिन कशाला लाजंल?" मी म्हणालो, इंजिनाच्या मालकाला लाज वाटते. तुम्ही म्हणालात, मग मालकाला रंग लावा.

दुसरं भांडण कराडचं. पहिलं कपलिंग वळणावर सुटायचं, दुसरं इतकं घट्ट की डबा वर उचलला जायचा. प्रत्येक दुरुस्तीला कोण कुणाकडं जाणार? म्हणून अर्ध्या वाटेवर कराडला भेटायचं ठरलं. स्टँडजवळच्या त्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल, त्यावर हातभर रूळ, शेजारी भजी. तुम्हाला दिवस मावळायच्या आत घरी जेवायचं असायचं, म्हणून तुमची एक नजर आकड्यावर आणि एक दारातल्या उन्हावर. परत निघताना तुम्ही न चुकता म्हणायचात की हे काय अर्धं न्हाई. साताऱ्याहून कराड जवळ, सांगलीहून लांब, मास्तरानं भूगोल बी शिकवायला पायजे हुता. मी म्हणायचो, कराड मध्येच आहे, नकाशात बघा. नकाशा मी स्वतः काढून आणला एकदा. त्यात कराड बरोबर मध्ये होतं. तुम्ही तो नकाशा भज्यांचं तेल टिपायला वापरलात.

माझ्या घरी आलात तेव्हाही तेच. माडीवरच्या टेबलावर मी गावं मांडली होती. सातारा ऐटीत पुढं, मध्ये कराड, कागदाच्या लगद्याचा अजिंक्यतारा. तुम्ही सगळीकडं बघितलंत आणि विचारलंत, सांगली कुठाय? सांगली डोंगराच्या मागं होती. जागाच उरली नव्हती. तुम्ही वाकून, भिंतीला गाल लावून तुमचं गाव बघितलंत आणि मालतीला म्हणालात, "वैनी, ह्या माणसाचं चारच दात गेलं. माझ्या हातात आसतं तर सगळं काढलं आसतं."

आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. माझी गाडी तिथं चालवून दाखवायचं ठरलं. तिसरं कपलिंग तोपर्यंत इतकं छान बसलं होतं की गाडी दोन-दोन तास न सुटता फिरायची. पण आठवड्यापूर्वी एक जुना सहकारी घरी आला, त्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, इंजिनानं जीभ का काढलीय? झालं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी काळा रंग आणला आणि तुमच्या गुलाबी कामावर, तारेवर, सांध्यावर, सगळीकडं फासला. एक हात नव्हे, दोन हात. चित्रकलेच्या शिक्षकाला रंग कुठं थांबवावा हे कळायला पाहिजे होतं. सांध्यात उतरलेला रंग वाळला आणि आकडा दगड झाला.

दुसऱ्या दिवशी शंभर माणसांसमोर इंजिन एकटंच निघून गेलं. डबे जागेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असंच असतं. मी परत जोडलं, परत तेच. तिसऱ्या वेळी मी पेचकस घेऊन आकडा खाली दाबला. टक.

घरी येऊन तुम्हाला फोन केला. आणि अण्णा, मी म्हणालो, "तुमची तार मोडली." नुसतं मोडली म्हटलं असतं तरी चाललं असतं. ‘तुमची’ हा शब्द मी कशासाठी घातला ते मला त्याच क्षणी माहीत होतं. मला कुणीतरी माझ्याबरोबर चुकायला हवं होतं. 

"आसंल," म्हणालात. "तार हाय ती. पाठवा, बगतो."

मी ते मोडकं कपलिंग लगेच पाठवलं नाही. आधी थिनरनं पुसलं, जुन्या टूथब्रशनं घासलं, गुलाबी परत गुलाबी दिसेपर्यंत. त्यात चार दिवस गेले. मग पार्सल केलं. ते पोचल्यावर तुमचा फोन आला की मिळालं, आता सावकाश करतो, पक्कं करतो. आवाज मोकळा होता. मी मालतीला म्हणालो, केवढ्या मनाचा माणूस आहे, स्वतःची चूक कशी पचवली बघ. हे वाक्य मी खरोखर म्हणालो. तिनं थिनरचा वास घेतलेला होता.

पुढं तुम्हाला बरं वाटेना. कराडच्या भेटी थांबल्या. मी दवाखान्यात पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही झोपला होतात आणि वहिनी बाहेर बाकावर होत्या. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितलं. माझा तो फोन आल्यावर तुम्ही तयार झालेल्या सहा प्लेटा परत काढल्यात, प्रत्येक तार बोटानं वाकवून बघितलीत, दोन मोडून पुन्हा केल्यात. जेवताना वहिनींना विचारलंत, माझा हात ढिला पडला का गं?

मी त्या चार दिवसांत टूथब्रश घासत होतो.

मी त्या बाकावरून उठलो तो तुम्हाला सांगायचंच असं ठरवून. दुसऱ्या खेपेला तुम्ही जागे होतात, उशीला टेकून. मी खुर्ची जवळ ओढली आणि सुरुवात केली, अण्णा, ती तार. तुम्ही हात वर केलात.

"तारंचं ऱ्हाऊ द्या. प्लेट कशी बसतीया?"

बसते म्हणालो.

"स म्हणा."

मी म्हणालो, "सांगली."

शिट्टी वाजली नाही. एखादं काम मनासारखं उतरलं की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात, तसे मिटलेत. ती तार तशीच पोटात घेऊन मी साताऱ्याला परत आलो. तिसऱ्या खेपेला निघायच्या आतच निरोप आला.

तर अण्णा, रंग मी लावला होता. तार मोडली नव्हती, मी मोडली. तुमचा हात शेवटपर्यंत जागच्या जागी होता. एवढं साधं वाक्य. त्याला चौदा महिने आणि इतकी पानं लागली.

आणि हे लिहिताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण येतं आहे ते भलतंच काहीतरी. कराडची भजी आठवतात. साठीला टेकल्यावर माणसाला नवा मित्र मिळत नाही असं मी धरून चाललो होतो. जुने असतात त्यांनाच टिकवत बसायचं. मला तो एका चुकीच्या पुरचुंडीमुळे मिळाला. माझ्या आयुष्यातल्या एवढ्या चुकांमध्ये एखादी इतकी चांगली निघेल असं कुणी सांगितलं असतं तर मी आणखी चुका केल्या असत्या. तुम्ही माझे दात बसवलेत, इंजिनाचा दात बसवलात, मला दोन मिनिटं गप्प बसून दुसऱ्याचं ऐकायला शिकवलंत. मालती म्हणते, तुमच्या ओळखीनंतर मी तिचं वाक्य पूर्ण होऊ देतो. नेहमी नाही. पण देतो.

आता उघडतो.

डबीत कापूस आहे. कापसात दोन पुड्या. एकीत काळी कपलिंगं, एक पुढचं, एक मागचं. दुसरीत तशीच जोडी, गुलाबी. आणि खाली घडी केलेली चिठ्ठी, तुमच्या अक्षरात. वरची तारीख माझं पार्सल पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. मी ती तीनदा बघितली. जशीच्या तशी उतरवतो.

रुग्ण: निळं इंजिन. गाव: सातारा. दात: पुढचा एक, मागचा एक. छटा: काळी. मसाल्यातच रंग कालवलाय, वरनं लावायची गरज न्हाई. गुलाबी जोड बी ठेवलाय, मन झालं तर. आधीच्या कामाची तक्रार: तार मोडली. कारण: मालकानं घरी रंग लावला, थिनरनं पुसला, आकड्याच्या आतल्या बाजूला ऱ्हायला. शेरा: मालकाला बोलू नये. एरवी गप बसत न्हाई, एवढं एकच सांगायला जमंना त्याला. सांगंल.

म्हणजे पार्सल उघडल्याबरोबर तुम्हाला कळलं होतं. फोनवरचा तो मोकळा आवाज त्याचा होता. काम तर दुसऱ्याच दिवशी झालं होतं, ‘सावकाश’ म्हणालात ते माझ्या सांगण्याची वाट बघायला. दवाखान्यात हात वर केलात तेव्हाही माहीत होतं. माझी चूक तुम्ही वर्षभर डबीत कापूस घालून ठेवलीत आणि वर माझ्या आवडीचा रंगही कालवून दिलात. वाद जिंकायची इतकी आयती संधी तुम्ही हातची घालवलीत. मी असतो तर कराडच्या हॉटेलात ती चिठ्ठी मोठ्यांदा वाचून दाखवली असती.

शिराळ्याच्या म्हाताऱ्याचं काय झालं ते मात्र डबीत नाही. मी कापूस पिंजून बघितला, चिठ्ठी उलटी करून बघितली. ते पुढच्या मापालाच राहिलं.

मालतीला वर बोलावलं आणि तिच्यासमोर गुलाबी जोड बसवली. मानगूट न धरता. या वेळी टक नाही, नुसतं टिक असं वाजलं. काळी पुन्हा कापसात ठेवली, ती तुमच्या हातची म्हणून राहतील, पण वापरायची नाहीत. गाडी निघाली, जीभ काढून, अजिंक्यताऱ्याला वळसा घालून. मालती म्हणाली, शोभतंय की. सांगलीचा फलक मी आज डोंगरामागून काढून पुढं आणलाय. त्यासाठी अजिंक्यतारा थोडा कापावा लागला, सातारकरांनी माफ करावं.

चिठ्ठीच्या तळाशी ‘काम मिळालं’ लिहिलं आहे आणि सहीची जागा रिकामी आहे. तिथं मी सही केली. वर थोडी जागा होती, तिथं लिहिलं, ‘रंग मीच लावला होता.’ तुमचा नियम मोडायचा नाही, चिठ्ठी परत फाइलला लागली पाहिजे. फाइल वहिनींकडं आहे. सकाळची गाडी बघून ठेवली आहे, थेट सांगलीची. कराडला उतरणार नाही अण्णा. या खेपेला सगळी वाट मी येतो.